इस्माईल मर्चंट यांची लिंबाची मसूर डाळ, आणि ‘ताई, किती शिट्ट्या?’

नमस्कार मंडळी!

आज डाळ करायची आहे, पण आधी थोडं बोलायचं आहे. मागे एका शॉर्टमध्ये मी ही मसूर डाळ दाखवली आणि जाता जाता म्हणाले की ही कृती एका निर्मात्याची आहे, ज्याच्या सिनेमांनी ऑस्कर मिळवलेत. झालं! खाली कमेंटची रांग लागली. अर्धे लोक विचारतायत, हा निर्माता कोण? आणि बाकीचे सगळे विचारतायत, ताई, किती शिट्ट्या?

दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच व्हिडिओत देते, कारण माझ्या मते ती एकमेकांत अडकलेली आहेत. हा माणूस काय काम करायचा ते कळलं की ही डाळ अशी का आहे ते कळतं.

तर, इस्माईल मर्चंट. जन्म मुंबईतला, 25 डिसेंबर 1936. कॉलेज सेंट झेवियर्स. 1958 साली न्यूयॉर्कला एमबीए करायला गेले. 1961 मध्ये जेम्स आयव्हरी या अमेरिकन दिग्दर्शकाबरोबर ‘मर्चंट आयव्हरी प्रॉडक्शन्स’ काढली आणि पुढची 44 वर्षं ती चालवली. पटकथा बहुतेक वेळा रूथ प्रवर झाबवाला यांची. ‘अ रूम विथ अ व्ह्यू’ आणि ‘हॉवर्ड्स एंड’, दोन्हींना तीन-तीन ऑस्कर. 2002 साली पद्मभूषण. 25 मे 2005 ला लंडनमध्ये गेले, आणि दफन मुंबईत, मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात. एवढं तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल, मी त्यावर थांबत नाही.

एकाच गोष्टीवर थांबते. एका प्रेक्षकाने लिहिलंय, ‘मर्चंट आयव्हरी हे दिग्दर्शक मला फार आवडतात, ते स्वयंपाकही करायचे हे माहीत नव्हतं.’ दादा, ती दोन माणसं आहेत. आयव्हरी दिग्दर्शन करायचे, मर्चंट निर्माते होते. मर्चंट यांनीही काही सिनेमे दिग्दर्शित केले, 1993 चा ‘मुहाफिज’ त्यांचाच, शशी कपूर, शबाना आझमी आणि ओम पुरींचा. पण आयुष्यभराचं काम निर्मात्याचं.

आणि निर्माता म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? गळ्यात चेन घातलेला, पैशाच्या थैलीचं तोंड सोडणारा शेठ. मर्चंट यांच्याकडे थैलीच नव्हती! पहिला मोठा सिनेमा ‘द हाउसहोल्डर’, 1963 चा. दिल्लीत चित्रित झाला, शशी कपूर आणि लीला नायडू नवरा-बायको, आणि मुलाच्या संसारात येऊन बसणारी आई कोण? आपल्या दुर्गाबाई खोटे. जरूर बघा, दुर्गाबाईंसाठी तरी बघाच. हा सिनेमा कसा विकला गेला ते ऐका. त्या काळात हॉलिवूडच्या कंपन्या भारतात सिनेमे दाखवून जे रुपये कमवायच्या, ते सगळे बाहेर नेता यायचे नाहीत, इथेच अडकून पडायचे. मर्चंट यांनी कोलंबिया पिक्चर्सला सांगितलं, त्या अडकलेल्या रुपयांत आमचा सिनेमा विकत घ्या. कोलंबियाने घेतला. त्याच पैशाच्या आधारावर ‘शेक्सपिअर वाला’ उभा राहिला. पडून असलेल्या पैशाला काम देणं, हे निर्मात्याचं डोकं.

हे डोकं लहानपणापासूनचं. झेवियर्समध्ये असतानाच सिनेमातल्या मंडळींना बोलावून व्हरायटी शो करायचे, त्यातून अमेरिकेला जायची तजवीज झाली. न्यूयॉर्कला पोचल्यावर ‘द क्रिएशन ऑफ वुमन’ नावाचा लघुपट काढला, आणि त्याला थेट ऑस्करचं नामांकन मिळालं.

आता स्वयंपाक. मुंबईच्या घरी त्यांना सहा बहिणी होत्या, त्यामुळे स्वयंपाकघरात त्यांना कोणी हाक मारायचं कारण नव्हतं. चूल हातात घेतली ती न्यूयॉर्कला गेल्यावर, घरचं जेवण मिळेना म्हणून. परदेशी शिकायला गेलेली आपली किती मुलं अशीच शिकतात! मला न्यू जर्सीहून, म्युनिकहून मेसेज येतात, ‘ताई, आईला फोन करून करून फोडणी शिकलो.’ फरक एवढाच की मर्चंट यांनी ते एकट्याच्या ताटापुरतं ठेवलं नाही. ज्याच्याकडून पैसे हवेत त्याला जेवायला बोलवायचे. ज्या नटाने होकार द्यायला हवा त्याला जेवायला बोलवायचे. शूटिंग चालू असताना अख्ख्या युनिटला स्वतः रांधून घालायचे. त्यांच्याबरोबर काम केलेल्या कितीतरी जणांनी मुलाखतींत सांगितलंय की बजेट कायम ओढाताणीचं, कधी पैसेही उशिरा मिळायचे, माणसं वैतागायची, आणि मग मर्चंट यांच्या हातचं जेवण समोर यायचं. 2023 साली या दोघांवर स्टीफन सूसी यांचा माहितीपट आला, त्यातही हे पुन्हा पुन्हा येतं.

इथे मला थोडं चिडायचं आहे. बऱ्याच जणांनी लिहिलंय, ‘वा, निर्माता असून स्वयंपाकाचा छंद जोपासला.’ छंद? छंद म्हणजे काम संपल्यावर करायची गोष्ट. या माणसाचं ते कामच होतं! मी कॉलेजात असताना एकांकिका केल्या, तालमी रात्री उशिरापर्यंत चालायच्या. ज्या गटात कोणाच्या तरी घरून डबा भरून पोहे यायचे, तो गट दुसऱ्या दिवशी वेळेवर हजर. नंतर मी एका मालिकेच्या सेटवर काही काळ सहायक होते. तिथे थंडगार वडापाव हातावर टेकवले की झालं, असा हिशेब. कॅमेरा अटेंडंटपासून मेकअपवाल्या मावशींपर्यंत सगळ्यांचा चेहरा दुपारनंतर उतरलेला, आणि ते पडद्यावर दिसतं हो, दिसतं! माणसाला आपण मोजलो गेलोय की नाही ते ताटावरून कळतं. मर्चंट यांना ते पक्कं ठाऊक होतं. म्हणून छंद म्हणू नका, कृपा करून.

पुस्तकांविषयी पटकन सांगते, कारण ‘नावं टाका’ अशी फर्माईश आहे. ‘इस्माईल मर्चंट्स इंडियन क्विझीन’, 1986. ‘पॅशनेट मील्स’, 1994. ही दोन भारतीय स्वयंपाकाची. त्याच 1994 सालचं फ्लॉरेन्सवरचं आणि 1999 चं पॅरिसवरचं, ही दोन पुस्तकं त्या शहरांतलं शूटिंग आणि तिथलं खाणं यांची आहेत. कृती हव्या असतील तर पहिल्या दोनांपासून सुरुवात करा. साल बघा जरा, 1986. ‘अ रूम विथ अ व्ह्यू’ नुकताच आलेला, घोडदौड चालू, आणि हा माणूस डाळ-भाजीचं पुस्तक छापतोय.

या पहिल्या पुस्तकाची प्रस्तावना आहे मधुर जाफरी यांची. त्यांना तुम्ही कुकरी शोवाल्या म्हणून ओळखता. पण ‘शेक्सपिअर वाला’मधल्या भूमिकेसाठी त्यांना 1965 साली बर्लिन महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं पारितोषिक मिळालं होतं. मर्चंट आणि आयव्हरी यांची ओळखही जाफरी मंडळींच्याच वर्तुळातून झाली. आयव्हरींच्या भारतीय लघुचित्रांवरच्या माहितीपटाचं निवेदन सईद जाफरींनी केलं होतं, आणि त्याच्याच खेळाला मर्चंट गेले होते. पुढे ‘शेक्सपिअर वाला’ न्यूयॉर्कमध्ये चालवायचा होता, तेव्हा मर्चंट यांनी न्यूयॉर्क टाइम्सच्या क्रेग क्लेबर्न या खाद्यलेखकाला गाठलं आणि पटवलं, की आमची नायिका उत्तम स्वयंपाक करते, तिच्यावर लिहा. 1966 मध्ये तो लेख आला. सिनेमाची जाहिरात म्हणून केलेला उद्योग! पण त्या लेखाने मधुर जाफरींना स्वयंपाकाकडे वळवलं, 1973 मध्ये त्यांचं पहिलं पुस्तक आलं, आणि अमेरिकेतल्या एका पिढीला भारतीय जेवण त्यांनी शिकवलं. म्हणजे स्वतःच्या पुस्तकाच्या वीस वर्षं आधीच मर्चंट भारतीय स्वयंपाकासाठी केवढं करून बसले होते. मला ही गोष्ट सांगताना दर वेळी आनंद होतो.

अजून एक कमेंट घेते आणि मग गॅस पेटवते. ‘या माणसाच्या कृतींत डिजॉन मोहरी कशी काय? हे अस्सल भारतीय नाही.’ बरं. डिजॉन म्हणजे वाटलेली मोहरी आणि आंबट. तुमच्या घरी काकडीच्या कोशिंबिरीत, केळ्याच्या रायत्यात मोहरी फेसून घालतात की नाही? लोणच्याला मोहरी फेसताना नाकात झणका जातो की नाही? परदेशातल्या फ्रिजमध्ये जी तयार वाटलेली मोहरी हाताशी होती ती त्यांनी उचलली. फेसत बसायला वेळ कुठला, बाहेर माणसं जेवायची थांबलेली! मला हे अगदी आपलंच वाटतं.

चला. डाळ.

[स्क्रीनवर साहित्य]

मी एक वाटी मसूर डाळ घेतलीय, आपली रोजची केशरी. एक मोठा कांदा उभा चिरून, आलं बारीक चिरून, दालचिनीचे दोन चांगले तुकडे, अर्धं लिंबू. तिखट, मीठ, तेल. वरच्या फोडणीला थोडा कांदा, लसूण, हिरवी मिरची, तमालपत्र. शेवटी कोथिंबीर. हळद नाही. मी विसरलेले नाही, मुळात नाहीच. आधीच सांगते कारण त्यावरही कमेंट येणार आहेत. मर्चंट यांच्या कृतीत पाण्याबरोबर चिकनचं पाणीही पडतं. शाकाहारी असाल तर नुसतं पाणी घ्या. आणि ज्यांनी ‘डाळीत चिकन? शी!’ असं लिहिलंय, त्यांनी मराठवाड्यातल्या कुठल्याही मुस्लिम मित्राच्या घरी दालचा जेवून या. डाळ आणि मटण एकत्र शिजलेलं असतं, आणि लोक त्यासाठी लग्नाची वाट बघतात.

डाळ धुवा, निथळा. तेलात कांदा मऊ होऊ द्या, त्यात दालचिनी आणि आलं. हे तुम्हाला येतं, मी बोलत नाही. आता डाळ टाकायची आणि मंद आचेवर आठ-दहा मिनिटं परतायची. हे मात्र उरकू नका. डाळीला तेल लागलं पाहिजे, दालचिनीचा वास तिच्यात गेला पाहिजे. मग गरम पाणी, मीठ, तिखट. उकळी आली की आच कमी करा आणि दहा मिनिटं शिजू द्या.

आणि आता लिंबू. रस पिळायचा, आणि पिळलेली फोडही त्याच पातेल्यात टाकायची, सालीसकट. मग मंद आचेवर पाऊण तास तरी, अधूनमधून ढवळत.

इथेच सगळ्यांची गाडी अडते. ‘ताई, कडू झाली.’ ‘ताई, डाळ शिजलीच नाही, कणी राहिली.’ मी एकेकाला उलट विचारलं, कशात शिजवलीत? उत्तर एकच. कुकर. सगळं एकत्र घातलं, लिंबूसुद्धा, झाकण लावलं, तीन शिट्ट्या.

कुकर लावू नका. नीट समजावून सांगते.

तुम्ही आमटीत आमसूल किंवा चिंच कधी घालता? डाळ शिजल्यावर. डाळीबरोबर चिंच कुकरला लावणारं एक घर मला दाखवा. का नाही लावत? कारण आंबटात डाळ मऊ होत नाही. दाण्याच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन नावाचं द्रव्य असतं. ते सुटलं की डाळ गळते, आणि आंबट असलं की ते सुटायला तयार नसतं. हे आपल्या घराघरात पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, फक्त लिंबाच्या बाबतीत आपण विसरतो, कारण लिंबू आपण एरवी पानात वरून पिळतो. म्हणून आधी दहा मिनिटं डाळ एकटी शिजू द्या. ती फुगली, फुटायला लागली, की मग लिंबू. त्या दहा मिनिटांत सगळा फरक आहे.

‘पण मग ताई, डाळ आधी कुकरला लावून, मग त्यात लिंबू घालून उकळू का?’ हा प्रश्न हुशारीचा आहे, पण उत्तर तरीही नाही. परतलेल्या मसुरीला मुळात कुकर लागतच नाही. ती तूरडाळ नव्हे. वीसेक मिनिटांत मऊ होते. कुकरमधून काढलीत तर तिचा गोळा झालेला असतो, आणि पुढचा पाऊण तास ती तळाला लागत राहते. उघड्या पातेल्यात ती हळूहळू फुटते, पाणी आटतं, आणि दाट होता होता लिंबू तिच्यात मुरतं. शेवटी पिळलेल्या लिंबाची चव वर तरंगते, ही आतून येते. एकदा शेजारी शेजारी दोन वाट्यांत ठेवून चाखा, लहान मूलसुद्धा फरक सांगेल.

आणि कडूपणाचं. अमेरिकेत जे लिंबू मिळतं ते मोठं, पिवळं, जाड सालीचं. आपलं कागदी लिंबू वेगळं फळ आहे, लहान, पातळ सालीचं, वासाला तिखट. त्याची साल पाऊण तास शिजली तर कडवटपणा उतरू शकतो. म्हणून मी काय करते? बिया एकूण एक काढते, कारण सगळ्यात कडू त्याच असतात. वाटीभर डाळीला अर्ध्याच लिंबाची फोड टाकते. आणि दर थोड्या वेळाने डाळ चाखते. कडवटाची नुसती चाहूल लागली की चमच्याने साल उचलून बाहेर! आता मला सांगा, कुकरचं झाकण लावल्यावर हे कसं करणार तुम्ही? आत काय चाललंय ते दिसत नाही, चाखता येत नाही, साल काढता येत नाही. दाबाखाली साल उकडून निघते आणि झाकण उघडाल तेव्हा काहीही करण्यासारखं उरलेलं नसतं. जाड सालीचं पिवळं लिंबू बाजारात मिळालं तर तेच घ्या, मग साल शेवटपर्यंत राहू द्या.

तर शिट्ट्या किती? शून्य. उघडं पातेलं, हात चमच्यावर. गर्दीसाठी करायचा हा पदार्थ आहे. पातेलं मंद आचेवर सोडून मधेच जाऊन फोन घ्या, पाहुण्याला दार उघडा, परत येऊन ढवळा, दोन माणसं जास्त आली तर पाणी वाढवा. पैसे मागायचे, नट पटवायचे आणि जेवायलाही वाढायचं, अशा माणसाने केलेली डाळ आहे ती. म्हणून मी सुरुवातीला म्हणाले, त्यांचं काम कळलं की डाळ कळते.

[पातेल्याचा क्लोजअप]

बघा, आता अशी दिसतेय. चमचा उलटा केला की थेंब सावकाश पडतो. दालचिनी काढायची असेल तर काढा, मी ठेवते. छोट्या कढल्यात तेल तापवा, कांदा, लसूण, मिरची, तमालपत्र चुरून, आणि कांदा चांगला तांबूस होऊ द्या, घाई नको. ही फोडणी डाळीवर ओता, कोथिंबीर पसरा. मोहरी-जिऱ्याची फोडणी घालायचा मोह होईल. पहिल्या वेळी आवरा. दालचिनी आणि लिंबू यांची जोडी आधी नुसती चाखून बघा, ती आपल्या जिभेला नवी आहे आणि फार छान आहे. पुढच्या वेळी तुमचं घर, तुमची फोडणी.

भाताबरोबर तर जातेच. मला ज्वारीच्या भाकरीबरोबर जास्त आवडते, जरा दाट ठेवून. उरली तर दुसऱ्या दिवशी लिंबू अजून उतरलेलं असतं, पाणी घालून उकळा आणि सूप म्हणून प्या.

दोन शेवटच्या कमेंट. ‘पुस्तक कुठे मिळेल?’ जुन्या पुस्तकांच्या दुकानांत विचारत राहा, आणि मोठ्या ग्रंथालयांत ‘पाककला’च्या कपाटाबरोबर ‘चित्रपट’चं कपाटही बघा, ही पुस्तकं बऱ्याचदा चुकीच्या रांगेत सापडतात. आणि नाशिकहून एका काकांनी लिहिलंय की ‘अ रूम विथ अ व्ह्यू’ त्यांनी थिएटरात पाहिला होता, पण त्यामागे मुंबईचा माणूस आहे हे आज कळलं. काका, आता ‘द हाउसहोल्डर’ शोधा. आणि जेवायला ही डाळ करा, काकूंना बसवा आणि तुम्ही वाढा.

पुढच्या रविवारी मोहरी घातलेली कोळंबी करतेय. डिजॉनची बाटली आणू नका, घरची मोहरी फेसूनच दाखवणार आहे. कोळंबी मध्यम आकाराची घ्या, आणि धागा काढून ठेवा.